पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग? जरा थांबा!

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी अहवालात इंग्रजीत लिहिलं होतं, 'मिऱ्याच्या किनाऱ्यावरून पाण्याचे नमुने गोळा केले गेले.' मार्गदर्शकांनी एकच विचारलं, "कुणी?" मला सांगता येईना. दोन दिवस मी गेले होते, एक दिवस ज्युनिअर गेला होता, आणि त्याच दिवसाचे आकडे विचित्र होते. वाक्यानं ते झाकून टाकलं होतं.

हा दोष थोडा आपल्या गाइडांचाही आहे. बहुतेक गाइडांत एक तक्ता असतो: अ‍ॅक्टिव्ह म्हणजे कर्तरी, पॅसिव्ह म्हणजे कर्मणी. पाठ करायला सोपा, पण चुकीचा.

तपासून बघा. 'सीमाने नमुना तपासला, सीमाने पट्टी तपासली.' क्रियापद कर्माप्रमाणे बदललं, म्हणजे हा कर्मणी प्रयोग. पण याचं सरळ इंग्रजी 'सीमा टेस्टेड द सॅम्पल', म्हणजे अ‍ॅक्टिव्ह! मराठीत प्रयोग ठरतो क्रियापद कुणाशी जुळतं यावरून. इंग्रजीत व्हॉइस ठरतो वाक्याचा सब्जेक्ट काम करतोय की त्याच्यावर काम होतंय यावरून. पॅसिव्हच्या जवळचं मराठी रूप 'नमुना तपासला गेला', ज्याला आपली पुस्तकं नवीन कर्मणी म्हणतात.

दुसरा गैरसमज: शोधनिबंध पॅसिव्हमध्येच लिहायचा. 1953 साली 'नेचर'मध्ये आलेला वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएवरचा निबंध 'आम्ही' म्हणूनच सुरू होतो. पद्धत सांगताना पॅसिव्ह वापरा, काही बिघडत नाही. पण निर्णय कुणाचा, अंदाज कुणाचा, हे सांगायचं असेल तर कर्ता लिहा.

गाइडांऐवजी काय वाचायचं? मोरो केशव दामले यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (1911). मालगुंडला ज्यांचं स्मारक आहे त्या केशवसुतांचे हे भाऊ. पुस्तक जाडजूड आहे, भाषा जुनी आहे, एका बैठकीत संपणारं नाही. पण दामले आधीच्या व्याकरणकारांची मतं मांडतात, तपासतात आणि मग स्वतःचं मत देतात. लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे तरी दुसरं काय असतं?

आज एवढंच करा. तुमच्या मसुद्यातलं प्रत्येक पॅसिव्ह वाक्य अधोरेखित करा आणि त्याला विचारा, "कुणी?" उत्तर माहीत असूनही लिहावंसं वाटत नसेल, तर आधी आकडे पुन्हा बघा.