सूर्याकडे पाठ : अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांच्या ‘मूनराइज’ची एक चिकित्सा

वाळवंट, सूर्यास्त आणि विस्तीर्ण क्षितिज ही तीन एकत्र आली की छायाचित्र आपोआप सुंदर होते, अशी एक समजूत रूढ आहे. दृश्य मूळचेच भव्य असल्यामुळे छायाचित्रकाराने केवळ यंत्र रोखावयाचे आणि कळ दाबावयाची, एवढेच काम त्याच्याकडे उरते, असे या समजुतीत गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात या विषयावरील बहुसंख्य चित्रे परस्परांपासून वेगळी ओळखता येत नाहीत. तांबूस आकाश, काळी पडलेली जमीन आणि मध्यभागी सूर्याचे बिंब हाच साचा त्यांत पुनःपुन्हा आढळतो. विषय भव्य असूनही चित्र सामान्य का ठरते, या प्रश्नाचा विचार एका विशिष्ट कृतीच्या आधारे करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ती कृती म्हणजे अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स (१९०२–१९८४) यांनी १९४१ च्या शरद ऋतूत घेतलेले ‘मूनराइज, हर्नान्डेझ, न्यू मेक्सिको’ हे चित्र होय.

प्रथम विस्ताराच्या कल्पनेचा विचार करू. ‘पॅनोरामा’ हा प्रकार छायाचित्रणाच्याही आधीचा आहे. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ मध्ये वर्तुळाकार भिंतीवर सर्व बाजूंचे दृश्य दाखविण्याच्या पद्धतीचा एकाधिकार ब्रिटनमध्ये मिळविला. प्रेक्षकाने मध्यभागी उभे राहून सभोवार पाहावे आणि आपण त्या स्थळीच आहोत असे त्यास वाटावे, ही त्यामागील कल्पना होती. पुढे अमेरिकेच्या पश्चिमेकडील ओसाड प्रदेशांची सरकारी पाहणी सुरू झाली, तेव्हा छायाचित्रकारांनी हीच दृष्टी तेथे नेली. टिमथी ओसलिव्हन याने १८६७ मध्ये नेव्हाडातील कार्सन वाळवंटात घेतलेले वाळूच्या टेकड्यांचे चित्र या संदर्भात महत्त्वाचे आहे. वाळूच्या पसाऱ्यात खेचरांची एक गाडी उभी आहे आणि गाडीपासून कॅमेऱ्याच्या दिशेने पावलांचे ठसे उमटले आहेत. ती गाडी म्हणजे ओसलिव्हनची फिरती अंधारखोली होती. त्या काळच्या ओल्या कलोडियनच्या काचा निळ्या प्रकाशालाच प्रामुख्याने प्रतिसाद देत. त्यामुळे आकाश कोरे, पांढरे उमटे. सूर्यास्ताचे आकाश हा विषय त्या तंत्राच्या आवाक्याबाहेरचाच होता. तरीही त्या गाडीमुळे आणि पावलांच्या ठशांमुळे विस्ताराला माप मिळाले आहे. माप नसेल तर विस्तार जाणवत नाही, ही गोष्ट येथेच ध्यानी घ्यावी.

सूर्यास्ताची अडचण निराळी आहे. सूर्याजवळचे आकाश आणि छायेतील भूमी यांच्या उजळपणातील अंतर इतके मोठे असते, की एकाच फिल्मवर दोहोंतील तपशील टिकविणे कठीण जाते. आकाश राखावे तर भूमी काळी पडते, भूमी राखावी तर आकाश पांढरे पडते. दृश्य जितके रुंद घ्यावे तितकी ही अडचण वाढते. कारण पश्चिमेकडचे तेज आणि पूर्वेकडची चढती संध्याछाया अशी दोन टोके एकाच चौकटीत येतात. वर सांगितलेला काळ्या जमिनीचा साचा या अडचणीतूनच जन्मला आहे. तो छायाचित्रकाराने निवडलेला नसून त्याच्यावर लादला गेलेला असतो.

आता अ‍ॅडम्स यांच्या चित्राकडे वळू. अमेरिकेच्या अंतर्गत व्यवहार खात्यासाठी भित्तिचित्रांच्या योजनेवर काम करीत असताना ते मुलगा मायकेल आणि मित्र सेड्रिक राइट यांच्यासह न्यू मेक्सिकोतून प्रवास करीत होते. चामा नदीच्या खोऱ्यातून सांता फेकडे परतताना रस्त्यालगत हर्नान्डेझ हे लहानसे गाव दिसले. चित्रात तळाशी सेजची खुरटी झुडपे आहेत. त्यांपलीकडे मातीची घरे, चर्च आणि दफनभूमीतील पांढरे क्रूस. त्यांमागे हिमाच्छादित शिखरे व ढगांचा एक पट्टा. आणि त्यावर चौकटीचा निम्म्याहून अधिक भाग व्यापणारे काळेभोर आकाश. त्या आकाशात पौर्णिमेच्या थोडा अलीकडचा चंद्र आहे.

चित्राचे पहिले वैशिष्ट्य असे, की त्यात सूर्य नाही. अ‍ॅडम्स यांनी मावळतीकडे पाठ केली आणि त्या प्रकाशाने उजळलेल्या पूर्वेकडे कॅमेरा रोखला. परिणामी उजळपणाच्या दोन टोकांचा प्रश्न बव्हंशी सुटला. भूमी प्रकाशित राहिली आणि आकाश गडद करता आले. आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर सूर्य येथे वाच्य नसून व्यंग्य आहे. क्रूसांच्या कॅमेऱ्याकडील बाजू उजळल्या आहेत आणि चंद्र तर क्रूसांच्या मागे, समोरच्या आकाशात आहे. अर्थात तो उजेड चंद्राचा असणे शक्य नाही. तो पाहणाऱ्याच्या पाठीमागून येतो आहे, हे चित्रच सांगते. पाहणाऱ्याला सूर्य दिसत नाही, परंतु आपल्या पाठीशी तो आहे हे कळते. आणि तो फार काळ राहणार नाही हेही कळते.

दुसरे वैशिष्ट्य भिंगासंबंधी आहे. अ‍ॅडम्स यांनी आठ बाय दहा इंची कॅमेऱ्यावर सुमारे २३ इंच केंद्रांतराचे भिंग वापरले. या आकाराच्या फिल्मसाठी सामान्यतः १२ इंचांच्या आसपासचे भिंग पुरते. म्हणजे त्यांनी दृश्य रुंद करण्याऐवजी अरुंद केले. गणित केल्यास चित्राची रुंदी सुमारे पंचवीस अंशांची भरते; अर्ध्या क्षितिजाच्या पॅनोरामाशी तुलना करता हा सातवा भाग झाला. तरीही पाहणाऱ्यास विस्ताराचाच प्रत्यय येतो. याचे कारण या निवडीतच आहे. चंद्राचे बिंब अर्ध्या अंशाचे असते. या भिंगाने ते फिल्मवर सुमारे पाच मिलिमीटरांचे उमटते. रुंद दृश्य टिपणाऱ्या भिंगाने त्याचा ठिपका झाला असता आणि दूरची शिखरे एका रेषेत विरून गेली असती. ओसलिव्हनच्या चित्रात गाडी जे कार्य करते, तेच येथे क्रूस आणि चंद्र मिळून करतात. हाताएवढ्या जवळच्या वस्तूपासून आकाशस्थ गोलापर्यंतचे अंतर पंचवीस अंशांत बसविले गेले आहे. विस्तार हा कोनाचा गुण नसून चित्रातील मापांच्या परस्परसंबंधाचा गुण आहे, असा निष्कर्ष यातून निघतो.

तिसरी गोष्ट वेळेची. अ‍ॅडम्स यांच्या निवेदनानुसार त्या क्षणी त्यांना प्रकाशमापक सापडला नाही. पश्चिमेकडे सूर्य ढगांच्या कडेला टेकत होता आणि क्रूसांवरचा उजेड जाण्याच्या बेतात होता. चंद्राची तेजस्विता दर चौरस फुटास २५० कँडल असते हा आकडा त्यांना ठाऊक होता. उजळपणाच्या श्रेणीत चंद्र सातव्या पायरीवर ठेवला, तर मधल्या पाचव्या पायरीवर त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे ६० कँडल येतात. ६४ वेगाच्या फिल्मसाठी यावरून एफ ८ या छिद्रास सेकंदाचा साठावा भाग ही वेळ ठरते. गडद पिवळ्या फिल्टरमुळे ती तिप्पट करून विसावा भाग. छिद्र एफ ३२ पर्यंत लहान केले की वेळ सोळापट वाढते आणि उत्तर जवळपास एक सेकंद येते. तेवढाच वेळ त्यांनी दिला. दुसरी फिल्म घेण्यापूर्वी क्रूसांवरचा उजेड गेला होता. या प्रसंगाकडे दैवयोग म्हणून पाहण्याची प्रथा आहे. परंतु प्रसंग दैवाने आला असला, तरी त्याला उत्तर देणारे गणित वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने मुरलेले होते. कवीला वृत्त जसे न मोजता साधते, तसेच हे आहे.

येथवर चित्राच्या बाजूने लिहिले. आता त्यातील वादग्रस्त भागाकडे वळणे आवश्यक आहे. निगेटिव्ह म्हणजे संगीतकाराचा स्वरलेख आणि छापलेली प्रत म्हणजे त्याचे सादरीकरण, अशा आशयाचे मत अ‍ॅडम्स मांडीत. आपल्याकडे बंदीश एकच असून प्रत्येक मैफलीत ती निराळी उभी राहते, हा अनुभव आहेच. या चित्राच्या त्यांनी काढलेल्या प्रती तेराशेच्या आसपास असाव्यात असा अंदाज केला जातो. एडवर्ड स्टायकेन यांनी ‘यू. एस. कॅमेरा’च्या १९४३ च्या वार्षिकासाठी ते निवडले, त्या सुमाराच्या प्रतींत आकाश तुलनेने फिकट असून त्यात वरच्या बाजूस ढगांच्या पुसट रेषा दिसतात. १९४८ मध्ये अ‍ॅडम्स यांनी निगेटिव्हच्या खालच्या भागावर रासायनिक प्रक्रिया करून तो अधिक घट्ट केला. पुढील दशकांत आकाश उत्तरोत्तर काळे होत गेले आणि वरचे ढग नाहीसे झाले.

ग्रंथांच्या पाठचिकित्सेशी परिचय असलेल्या अभ्यासकास येथे एक ओळखीचा प्रश्न दिसेल. प्रमाण पाठ कोणता मानावा? कर्त्याचा अखेरचा हात प्रमाण मानण्याची रीत स्वीकारली तर उत्तरकालीन काळ्या प्रतीच ग्राह्य ठरतात, आणि प्रसिद्धीही त्यांनाच लाभली आहे. प्रस्तुत लेखकास मात्र हे मत निःशंकपणे स्वीकारता येत नाही. उत्तरकालीन प्रती अधिक नाट्यपूर्ण आहेत यात वाद नाही. परंतु त्यांत संध्याकाळ हरवते. आकाश पूर्ण काळे झाल्यावर सामान्य प्रेक्षक हे रात्रीचे, चांदण्यातले चित्र समजतो आणि क्रूस चंद्रप्रकाशाने उजळल्याचे मानतो. वर दाखविल्याप्रमाणे हे अर्थग्रहण चित्रातील पुराव्याशी विसंगत आहे. जो उजेड जाण्याच्या बेतात होता म्हणून सारी धावपळ झाली, त्याची क्षणभंगुरता फिकट आकाशाच्या प्रतींत अधिक जाणवते. चित्राचा पिंड जर सरत्या प्रकाशाचा असेल, तर पूर्वीच्या प्रती त्या पिंडाशी अधिक प्रामाणिक आहेत.

या मतावर रूपवादी आक्षेप घेता येईल. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात कलाकृतीचे सौंदर्य संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे विशद केले. त्या दृष्टीने पाहता क्रूस, हिम, ढग आणि चंद्र या पांढऱ्या आकारांचा संवाद, प्रकाशित भूमी व काळे आकाश यांचा विरोध, आणि खालची दाटी व वरचा मोकळेपणा यांचा समतोल उत्तरकालीन प्रतींत अधिक रेखीव झाला आहे. हे मान्य केले पाहिजे. मात्र क्रूसांच्या जागी त्याच आकाराचे व त्याच शुभ्रतेचे कुंपणाचे खांब असते, तर ही लय तशीच राहिली असती. चित्र मात्र तेच राहिले नसते. मावळता उजेड मृतांच्या खुणांवर पडला आहे, हा अर्थ चित्राच्या बाहेरचा मानता येत नाही. आणि तो अर्थ ‘मावळता’ या शब्दावर उभा आहे.

या संदर्भात चित्राच्या कालनिश्चितीची हकीकत उद्‌बोधक ठरते. स्वतः अ‍ॅडम्स यांनी वेगवेगळ्या वेळी १९४० ते १९४४ मधील निरनिराळी वर्षे दिली होती. बोमाँट न्यूहॉल यांच्या विनंतीवरून खगोलवैज्ञानिक डेव्हिड एल्मोर यांनी चंद्राच्या स्थानावरून ३१ ऑक्टोबर १९४१, दुपारी ४ वाजून ३ मिनिटे अशी वेळ काढली. १९८३ च्या ‘एक्झाम्पल्स’ या पुस्तकात अ‍ॅडम्स यांनी ती स्वीकारली. पुढे १९९१ मध्ये डेनिस डी सिको यांनी ‘स्काय अँड टेलिस्कोप’ या नियतकालिकात तिची दुरुस्ती करून १ नोव्हेंबर १९४१, ४ वाजून ४९ मिनिटे २० सेकंद असा निर्णय दिला. समीक्षेच्या दृष्टीने हा फरक किरकोळ नाही. त्या अक्षांशावर त्या दिवसांत सूर्य पाचनंतर थोड्याच वेळात मावळतो. पहिली वेळ खरी असती तर सूर्यास्तास तासाहून अधिक अवधी होता. दुसरीनुसार सुमारे वीस मिनिटेच उरली होती आणि सूर्य क्षितिजापासून तीन-चार अंशांवर आला होता. चित्र संध्याकाळचे आहे, या आपल्या वाचनास गणिताने असा दुजोरा मिळतो. कर्त्याची स्मृती चुकली, प्रतींतील आकाश बदलले. चंद्र व शिखरे यांचा परस्परसंबंध मात्र सर्व प्रतींत तोच राहिला आणि त्यातूनच काळ वाचता आला. छायाचित्र या माध्यमाची वस्तुनिष्ठता म्हणावयाची ती इतकीच, आणि तीही थोडी नव्हे.

एक उणीव नोंदविणे अवश्य आहे. गाव वस्तीचे असूनही चित्रात माणूस दिसत नाही. घरे आणि थडगी आहेत, राहणारे नाहीत. ओसाड प्रदेशाची भव्यता दाखविताना तेथील रहिवाशांना दृष्टीआड करणे ही या परंपरेची जुनी सवय आहे, आणि आकाश जसजसे काळे होत गेले तसतशी घरे अधिकच मूक झाली. पूर्वीच्या प्रतींना पसंती देण्याचे हेही एक कारण आहे. त्यांत गाव अजून दिवसाचे आहे.

आज खिशातला भ्रमणध्वनी हात फिरविताच अर्धे क्षितिज जोडून देतो, आणि अनेक उद्भासने एकत्र करून आकाश व भूमी दोन्ही राखतो. वर वर्णिलेल्या तांत्रिक अडचणींचा बराचसा परिहार झाला आहे. मग साचा का टिकून आहे? कारण अडचण संपली तरी निवड करावीच लागते : कोणत्या दिशेस तोंड करावे, किती दृश्य सोडून द्यावे, कशाने माप द्यावे आणि सरता उजेड कशावर पडू द्यावा. ‘मूनराइज’चा अभ्यास करावयाचा तो या चार निवडींसाठी. त्याच्या प्रतिकृती पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी शक्य तेथे पूर्वीची व नंतरची प्रत शेजारी ठेवून पाहावी. एकाच निगेटिव्हमधून दोन निरनिराळ्या वेळा कशा निर्माण होतात, हे त्याखेरीज कळणार नाही.