पांढऱ्या कपड्यांवरचं न छापलेलं नाव

मे महिन्यात चाकरमानी गावाला आले, की मिठबावात टेनिस बॉल क्रिकेटवरून बोलणं निघतं आणि दोन पक्ष पडतात. वयस्कर म्हणतात, "क्रिकेट म्हणजे पांढरे कपडे. हे झील होर्डिंग घालून खेळतत." पोरांचं उत्तर तयार असतं, "स्पॉन्सर नाय, तर टूर्नामेंट नाय." मला दोन्ही बाजू अर्ध्याच वाटतात. सगळे जर्सीचा रंग बघतात, जर्सी वाचत कुणीच नाही.

आधी पांढऱ्याबद्दल. १९८३ चा फोटो तुम्ही पाहिलेला आहे: लॉर्ड्सची बाल्कनी, कपिल देव, हातात कप. दरवर्षी २५ जूनला तो फोनवर फिरतो आणि खाली कुणीतरी लिहितं की तेव्हा खेळात पैसा नव्हता. पण त्या कपचं नावच प्रुडेन्शियल कप होतं. प्रुडेन्शियल ही विमा कंपनी. १९७५, १९७९ आणि १९८३ या तिन्ही विश्वचषकांना तिचं नाव होतं. कंपनी होतीच, फक्त छातीवर नव्हती.

आणखी मागे जाऊ. १९११ साली भारताचा संघ इंग्लंडला गेला, कर्णधार पतियाळाचे महाराजा. त्या दौऱ्यात बाळू पालवणकरांनी ११४ बळी घेतले. आडनाव कोकणातल्या पालवणचं, जात चांभार. त्याआधी पुण्यात हिंदूंच्या संघाकडून खेळताना मैदानात त्यांचे कपडे इतरांसारखेच पांढरे असत. चहाच्या वेळी मात्र त्यांना पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. पांढऱ्या कपड्यांतल्या 'सभ्य माणसांच्या खेळा'बद्दल कुणी हळवं होऊन बोललं, की मला ते भांडं आठवतं.

रंगीत कपडे आणले ते ऑस्ट्रेलियातल्या केरी पॅकरने. १९७७ मध्ये त्याने बंडखोर स्पर्धा सुरू केली. त्याला टीव्हीवर क्रिकेट दाखवायचं होतं, आणि खेळाडू त्याच्याकडे गेले कारण बोर्ड त्यांना तुटपुंजं मानधन देत होतं. म्हणजे रंगाबरोबर खेळाडूच्या घरात चार पैसेही आले. 'सर्कस' म्हणून हिणवणारे हा भाग गाळतात.

मग पोरांची बाजू पूर्ण बरोबर? तसंही नाही. आपल्या राष्ट्रीय संघाच्या छातीवर विल्स ही सिगारेट होती, पुढे ड्रीम इलेव्हन आली. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा झाला आणि ती कंपनी बाहेर पडली. सप्टेंबरमधल्या आशिया कपमध्ये संघ खेळला तेव्हा छातीवर फक्त 'इंडिया' होतं. स्पर्धा झाली आणि आपण जिंकलोही. मग अपोलो टायर्स आले. छातीवरच्या नावाला तुमच्याकडून काय हवंय, हा प्रश्न म्हणूनच रंगापेक्षा मोठा आहे. सिगारेटला तुमचं फुप्फुस हवं होतं, गेमला तुमच्या फोनमधले पैसे.

आता याच नजरेने गावची जर्सी वाचा. चकचकीत पॉलिस्टर, पुढे वाडीचं नाव, त्याखाली आंब्याचा व्यापारी, हॉटेलवाला, ठेकेदार, आणि निवडणूक जवळ असेल तर हात जोडलेला फोटो. यातलं एक मला आवडतं: हे स्पॉन्सर दिसतात. रस्त्यात भेटतात. त्यांना जाब विचारता येतो.

पण आपण विचारतो का? पैसा जातो कुठे ते बघा. जर्सी, ट्रॉफी, रोख बक्षीस, डीजे, यूट्यूब लाइव्ह. अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी मंडप उतरतो आणि मैदान होतं तसंच राहतं. तीच खडबडीत खेळपट्टी. मुलींना खेळायचं तर कपडे बदलायला आडोसा नाही. दरवर्षी जर्सी नवी, मैदान जुनं. पांढरे कपडे परत आणून यातलं काहीच सुधारणार नाही. ते धुवायचं काम घरातल्या बाईवर पडेल, एवढंच.

म्हणून माझी मागणी साधी आहे. स्पॉन्सर घ्या, नाव छापा, मोठ्या अक्षरांत छापा. फक्त त्याने दिलेल्या पैशातला ठरावीक वाटा मैदानावर खर्च व्हायला हवा, आणि तो जर्सीच्या पाठीवर लिहायचा. कुणी रोलर दिला, कुणी पाण्याची टाकी, कुणी मुलींसाठी खोली. ज्याची पाठ कोरी असेल, त्याला पुढच्या वर्षी छातीवर जागा नाही.