माल्कमचा शब्द आणि दाद मागण्याचे दार

महाबळेश्वरला आपण सगळेच जातो. तिथल्या वस्तीचे जुने नाव माल्कम पेठ. ज्याच्यावरून ते पडले तो सर जॉन माल्कम १८२७ ते १८३० या काळात मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. आज आम्हाला त्याचे चरित्र सांगायचे नाही, त्याच्या कारकिर्दीची परीक्षा करायची आहे. पण परीक्षा करायची तर आधी माणूस नीट ओळखायला हवा.

स्कॉटलंडमधल्या सतरा भावंडांच्या घरातला हा मुलगा. कोवळ्या वयात कंपनीच्या फौजेत भरती झाला आणि १७८३ साली मद्रासला उतरला. पुढे फारसी शिकला, इराणच्या दरबारी वकील म्हणून गेला आणि १८१५ मध्ये इराणचा इतिहास लिहून मोकळा झाला. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला तो होळकरांच्या फौजेशी लढला. नंतर त्याच माळव्याचा कारभार पाहिला आणि १८२३ मध्ये मध्य हिंदुस्थानावर ग्रंथही प्रसिद्ध केला. म्हणजे गडी नुसता तलवारबहाद्दर नव्हता. इथल्या माणसांशी त्यांच्या रीतीने बोलावे, सरदारांचा मान राखावा, असे त्याला मनापासून वाटे. हे ढोंग होते असे आम्ही म्हणणार नाही. ढोंग असते तर परीक्षा सोपी झाली असती!

आता दोन प्रसंग पाहू. पहिला जून १८१८ चा. दुसरा बाजीराव पळून पळून थकला होता. माल्कमने त्याला शरण यायला लावले आणि वर्षाला आठ लाख रुपयांचे पेन्शन कबूल केले. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला ही रक्कम फार वाटली, पण शब्द पाळला गेला. माल्कमची उदारता म्हणून हा प्रसंग सांगतात. उदारता होतीच, बरं का.

दुसरा प्रसंग १८२८ चा. मोरो रघुनाथ नावाचा अल्पवयीन मुलगा पुण्यात एका वडीलधाऱ्या सरदाराच्या ताब्यात होता. त्याला डांबून ठेवले आहे असा अर्ज आप्तांनी केला, तेव्हा मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने मुलाला हजर करण्याचा हुकूम काढला. माल्कमच्या सरकारने तो पुण्यात बजावू दिला नाही. सरदारांच्या प्रतिष्ठेला धक्का लागेल, ही भीती. न्यायमूर्ती ग्रँट यांनी १ एप्रिल १८२९ रोजी निषेध म्हणून चक्क कोर्टच बंद केले. लंडनहून लॉर्ड एलनबरोने माल्कमला खासगी पत्रात धीर दिला, की दोन नवे न्यायाधीश येत आहेत, ते ग्रँटला दोन माणसाळलेल्या हत्तींमधल्या रानहत्तीसारखे आवरतील. पत्र फुटले आणि गहजब झाला. पण प्रिव्ही कौन्सिलचा निर्णय सरकारच्या बाजूनेच लागला.

कुणी म्हणेल, ग्रँटचे कोर्ट तरी कुठे आपले होते? तेही परक्यांचेच. मग माल्कमने इथली रीत सांभाळली, यात त्याचे काय चुकले? आक्षेप खरा आहे, तो आम्ही झटकत नाही. परंतु रीत सांभाळली म्हणजे कुणाची? सरदाराची. मुलाच्या म्हणण्याचे काय? ते ऐकून घ्यायचे एक दार उघडे होते, आणि गव्हर्नरने त्याला बाहेरून कडी घातली. मुलाची तक्रार खरी होती की खोटी, हा प्रश्नच मग उरला नाही. तपासायलाच बंदी!

इथे दोन्ही प्रसंग एकमेकांना मिळतात. बाजीरावावर मेहरबानी झाली, मोरो रघुनाथावर झाली नाही. दोन्ही वेळी निर्णय एकाच माणसाच्या मनावर अवलंबून होता. मेहरबानी आणि हक्क यांत फरक हाच, की हक्क नाकारला तर दाद मागता येते. मेहरबानी आटली तर फक्त पुन्हा विनवणी करता येते.

आणि ती आटलीच. बाजीराव १८५१ साली बिठूरला वारला. दत्तक पुत्र नानासाहेबाने पेन्शन पुढे चालू ठेवावे म्हणून मागणी केली. डलहौसीने ती फेटाळली. मग विलायतेत कंपनीच्या संचालकांकडे अर्ज गेला, तोही फेटाळला. जो देणेकरी, तोच न्याय करणारा. मग दुसरे काय व्हायचे? माल्कम तोवर हयात नव्हता आणि त्याची उदारता कामाला आली नाही. पुढे १८५७ मध्ये कानपुरास काय झाले ते आपण जाणता.

म्हणून आमचा निष्कर्ष असा : माल्कम चांगला माणूस होता, हे मान्य करूनच त्याच्या राज्याला दोष दिला पाहिजे. वाईट राज्यकर्त्याला नावे ठेवायला तत्त्वज्ञान लागत नाही. चांगल्या राज्यकर्त्याच्या हाती सगळा निर्णय सोपवून आपण निश्चिंत होतो, तिथे खरा धोका असतो. हे फक्त गोऱ्या साहेबांनाच लागू आहे, असे समजून कृपया घरी जाऊ नका.