एका ठिपक्याखाली किती माणसं?

नकाशावर एक ठिपका दिसला की नोंद एकच, असं आपण किती सहज धरून चालतो! मागच्या वर्षी मीही तेच केलं. रुग्णांचे नेमके पत्ते नव्हते, म्हणून सगळ्या नोंदी गावाच्या मध्यबिंदूवर टाकल्या होत्या. डेटा 'साफ' करायला क्यूजीआयएसमधलं 'डिलीट डुप्लिकेट जिऑमेट्रीज' चालवलं आणि प्रत्येक गावात बरोब्बर एक रुग्ण उरला. हे टूल फक्त भूमिती बघतं, तक्त्यात वय, तारीख काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

त्यानंतर जॉन स्नोचा कॉलऱ्याचा नकाशा मी नव्याने पाहिला. साथ लंडनची, १८५४ ची. नकाशा छापला गेला १८५५ मध्ये. सगळे ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचं कौतुक करतात. मला त्यातल्या छोट्या काळ्या रेघा जास्त आवडतात. एका घरात चार मृत्यू, तर चार रेघा, एकावर एक रचलेल्या. कोणी कोणाखाली लपत नाही.

पण या रचनेची किंमत आहे. थप्पी वाढली की रेघा घरापासून लांब सरकतात. डॉडसन आणि टोबलर यांनी १९९२ मध्ये नकाशा डिजिटाइझ केला तेव्हा प्रत्येक रेघ वेगळा बिंदू झाली: एकूण ५७८. मोजणीला सोयीचं, पण अंतर मोजायला घातक. थप्पीतल्या शेवटच्या बिंदूपासून पंपापर्यंतचं अंतर हे त्या घराचं अंतर नव्हेच! आर मधल्या 'कॉलरा' पॅकेजने या थप्प्या मोडून मृत्यू पुन्हा पत्त्यांवर आणले, तेव्हा पत्ते निघाले ३२१. गंमत म्हणजे मूळ ५७८ मध्ये तीन जोड्यांचे कोऑर्डिनेट्स तंतोतंत सारखे आहेत आणि त्या बहुधा नोंदवतानाच्या चुका आहेत. म्हणजे इथे सारखे कोऑर्डिनेट्स ही चूक, माझ्या डेटात तीच खरी माणसं. सॉफ्टवेअरला हा फरक कसा कळणार?

याच नकाशाची दुसरी एक आवृत्ती सरावासाठी बरीच वापरली जाते. तिच्यात पत्त्यागणिक एक बिंदू आणि सोबत मृत्यूंच्या संख्येचा रकाना असतो. मला हीच पद्धत पटते. फक्त 'काउंट पॉइंट्स इन पॉलिगॉन' चालवताना वेट फील्ड म्हणून तो रकाना द्यायला विसरलात, तर मृत्यू नाही, पत्ते मोजले जातात. हीटमॅपचंही तसंच.

बऱ्याच ट्युटोरियल्सवर माझा राग आहे तो इथे. 'पॉइंट डिस्प्लेसमेंट' लावा, ठिपके गोल करून छान पसरतात, प्रश्न सुटला! सुटला कुठे? ते नुसतं दाखवणं झालं, आतले कोऑर्डिनेट्स जिथल्या तिथेच असतात.

आता मी लेयर उघडल्यावर आधी दोन आकडे काढते: एकूण नोंदी किती, आणि वेगळे कोऑर्डिनेट्स किती. तफावत आली की मूळ रजिस्टर उघडून बसते. कंटाळा येतो, पण मूळ लेयरला हात न लावता, संख्येच्या रकान्याचा नवा लेयर त्यानंतरच बनवते.