पानकरस आणि एकच प्याला

मराठी समीक्षेतील 'रस' आणि 'आस्वाद' या दोन मूलभूत संज्ञा जिभेच्या अनुभवावरून घेतलेल्या आहेत. रसाचे स्वरूप विशद करताना भरताने नाना व्यंजनांनी सिद्ध झालेल्या अन्नाचा दाखला दिला. मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त पानकरसाचा न्याय येतो. साखर, मिरी आदी द्रव्यांच्या मिश्रणातून होणाऱ्या पेयाची चव त्या द्रव्यांच्या पृथक् चवींहून निराळी आणि अखंड असते. विभावादिकांच्या संयोगाने प्रतीत होणारा रसही तसाच होय. काव्याचा आस्वाद समजावा म्हणून ज्या विचाराने पेयाचा आधार घेतला, त्याचा वारसा सांगणाऱ्या मराठीत मद्याच्या चवीचे वर्णन मात्र 'कडू' आणि 'उग्र' या दोन विशेषणांपलीकडे क्वचितच जाते. ही उणीव भाषेची आहे की भाषा वापरणाऱ्यांच्या संकोचाची, हा प्रश्न ब्रुअरी पाहावयास जाण्याच्या आणि तेथील बिअर चाखण्याच्या नव्या प्रघाताने पुढे आणला आहे.

डोंबिवलीच्या रहिवाशाला या प्रश्नाचा भूगोल परिचयाचा आहे. ठाकुर्ली मागे पडून कल्याण आले की लोहमार्गास दोन फाटे फुटतात. एक कर्जतवरून पुण्याकडे जातो, दुसरा कसाऱ्यावरून देवळाली-नाशिककडे. पुण्यात २००९ साली 'डूलाली' या नावाची लहान ब्रुअरी सुरू झाली. महाराष्ट्रातील या प्रकारच्या उद्योगाचा आरंभ तिच्यापासून मानला जातो. तिचे नाव मात्र दुसऱ्या फाट्यावरचे आहे. देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत खितपत पडलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या चित्तभ्रमाला त्यांच्या बोलीत 'डूलाली टॅप' म्हणत, आणि त्यातील 'टॅप' म्हणजे आपला 'ताप'. एक मराठी गाव व एक देशी शब्द इंग्रजीत जाऊन वेडाचे नाव झाला, आणि तोच परत येऊन पेल्यावर बसला. आपली वस्तू परकीय उच्चारात परत स्वीकारण्याची ही रीत केवळ नावापुरती राहिलेली नाही. चवीच्या वर्णनातही तीच दिसते.

ब्रुअरीतील फेरी ही एक रचना आहे. तिला आदि, मध्य आणि अंत असतो. प्रथम मोड आणून वाळवलेले सातू दाखवितात, नंतर ते भरडण्याचे यंत्र. भरड सुमारे पासष्ट अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवली म्हणजे धान्यातील पिष्टाची साखर होते. चोथा वेगळा करून तो गोड काढा हॉप्स नामक वेलीच्या फुलांसह उकळतात. कडवटपणा मुख्यतः या फुलांचा. काढा निववून त्यात यीस्ट घालतात आणि पुढचे काम वेळेवर सोपवितात. हे सारे पाहुण्याला बहुधा इंग्रजी संज्ञांतून सांगितले जाते. वस्तुतः मराठी स्वयंपाकघराला यातील एकही क्रिया अपरिचित नाही. मोड आणणे, भरडणे, आंबवणे, फसफसणे, निवळणे, मुरणे ही क्रियापदे घरोघरी रोज वापरली जातात. एका खेपेचे यीस्ट पुढच्या खेपेसाठी राखून ठेवण्याची रीत तर विरजणाची आठवण करून देते.

फेरीच्या शेवटी लहान पेल्यांतून चार-सहा प्रकार चाखावयास मिळतात. येथे वर्णनाची खरी परीक्षा होते. चव ही ज्याची त्याची असते, तिच्याविषयी वाद संभवत नाही, असे सामान्यतः म्हटले जाते. डेव्हिड ह्यूमने १७५७ सालच्या आपल्या अभिरुचिविषयक निबंधात 'डॉन किहोते'तील एक कथा घेऊन याला उत्तर दिले आहे. पिंपातील मद्य चाखून एकाने त्यात चामड्याची चव असल्याचे सांगितले, दुसऱ्याने लोखंडाची. दोघांचेही हसे झाले. पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याचा बंद असलेली किल्ली सापडली. तात्पर्य, चवीच्या विधानामागे वस्तूत कारण असू शकते. बिअरच्या बाबतीत हे पदोपदी पटते. गव्हाच्या बिअरला पिकल्या केळ्याचा व लवंगेचा वास येतो, तो विशिष्ट जातीच्या यीस्टचा गुण आहे. एखाद्या पेल्याला लोण्याचा वास आला तर आंबवण्याची क्रिया पुरती होऊ न देता बिअर पुढे काढली, असे बहुधा ठरते. उकडलेल्या मक्याचा वास असेल तर उकळण्यात वा निवविण्यात कसूर झालेली असते. म्हणजे केळे, लवंग, लोणी, मका या घरगुती शब्दांनी केलेले निदान शास्त्रशुद्ध असू शकते. ज्या भाषेत खमंग, खरपूस, करपट, आंबूस, तुरट आणि कुबट यांतील भेद लहान मूलही जाणते, तिला शब्ददारिद्र्याचा दोष लावता येणार नाही.

मग संकोच कशाचा? त्याचे एक उत्तर रंगभूमीवर आहे. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' त्यांच्या निधनानंतर, फेब्रुवारी १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. या नाटकाने प्याल्याला चव ठेवली नाही, परिणाम दिला. सुधाकराच्या हातातील पहिला प्याला कसा लागला हे विचारण्याचे कारणच उरत नाही. तो शेवटच्या विषाच्या प्याल्याचा आरंभ असतो. चाखण्याच्या बैठकीतील अनेक अर्धेमुर्धे पेले आणि गडकऱ्यांचा एकच भरलेला प्याला यांत हा तत्त्वाचा विरोध आहे. बैठक तुलनेवर उभी आहे, नाटक अपरिहार्यतेवर.

नव्या रसिकाला हे नाटक जुनाट बोधपर वाटण्याचा संभव आहे. पण त्यातील आर्यमदिरामंडळाचे प्रवेश त्याने पुन्हा वाचावेत. सुशिक्षितांच्या युक्तिवादाने, विनोदाने आणि मंडळाच्या इभ्रतीने मद्यपान कसे प्रतिष्ठित होते, हे गडकऱ्यांनी तेथे दाखविले आहे. आस्वादाची परिभाषा हे त्याच प्रतिष्ठेचे नवे साधन होऊ शकते. मराठीत हा वर्गभेद शब्दांतच रुजला आहे. गरिबाच्या पिण्याची जागा 'गुत्ता', सुखवस्तूची 'टॅपरूम'. एक 'दारूडा', दुसरा 'रसिक'. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम पुढे महाराष्ट्राच्या नावाने चालू राहिला, आणि ज्या कायद्याच्या नावात 'बंदी' आहे त्याच्याच परवान्याखाली ही रसिकता नांदते. अशा भाषेत चवीचे शब्द निष्पाप राहत नाहीत.

तथापि यावरून आस्वाद त्याज्य ठरत नाही. चाखून थांबणे आणि पिऊन बुडणे यांतील अंतर नेमक्या शब्दांनीच राखता येते; ज्याला पेल्यातला दोष सांगता येतो त्याचे भान शाबूत असते. परंतु फेरीच्या कथेत एक पात्र गाळले जाते, आणि समीक्षेने त्याची आठवण ठेवली पाहिजे. ब्रुअरीची कथा धान्य भरडण्यापासून सुरू होते. गडकऱ्यांच्या नाटकातही जाते आहे. नवऱ्याच्या व्यसनाने निर्धन झालेली सिंधू पोटासाठी त्यावर लोकांचे दळण दळते. मराठीला पेयाची समीक्षा लिहावयाची असेल तर तिच्यापाशी शब्द आहेत, न्यायही आहे. केळे आणि लवंग ओळखणाऱ्या त्या समीक्षेला जात्याची घरघरही ऐकू आली पाहिजे. पानकरसात सर्व द्रव्ये एकजीव होतात असे म्हणतात. हे एक द्रव्य वगळून केलेले पानक मराठीत पुरते उतरणार नाही.