तंबोऱ्याचा कर्ता : नाव आणि हात

सांगली, इस्लामपूर, तासगाव या भागातील जुन्या घरांत एखादा सुरेल तंबोरा आढळला, की तो मिरजेचा ठरतो. आणि तो विशेष जुना असला, तर फरीदसाहेबांचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेबांनी मिरजेत तंतुवाद्यांचा उद्योग उभा केला, हे परंपरेने मान्य आहे. तथापि परंपरेच्या प्रवर्तकाचे नाव एका विशिष्ट वाद्याच्या कर्त्याला देणे ही पद्धती संशोधनाच्या दृष्टीने सदोष आहे.

पहिला दोष चिठ्ठीच्या पुराव्यासंबंधी. वाद्यावरील नाव विक्रेत्याचे असू शकते, दुकानाचे असू शकते, दुरुस्ती करणाऱ्याचेही असू शकते. कारखान्यात तयार झालेल्या वाद्यांचीही हीच कथा आहे. मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांबीने वाजवावयाच्या ज्या हवाई गिटारी अमेरिकेत ‘ओआहू’ या नावाने विकल्या गेल्या, त्या त्या नावाच्या प्रकाशनसंस्थेने घडविल्या नव्हत्या. त्या इतर कारखान्यांकडून करवून घेतलेल्या होत्या. जेथे यंत्र व हिशेबवह्या होत्या तेथे ही स्थिती, तर जेथे विद्या पित्याकडून पुत्राकडे हातोहात गेली, तेथे केवळ चिठ्ठीवर विसंबणे कितपत युक्त?

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. जाणकार पुष्कळदा नादावरून कर्ता सांगतात. परंतु तंबोऱ्याचा नाद बव्हंशी घोडीच्या जवारीवर अवलंबून असतो. तारांच्या घर्षणाने घोडी झिजते, ती पुनःपुन्हा घासावी लागते, प्रसंगी बदलावी लागते. अर्थात आज ऐकू येणारा नाद मूळ कर्त्याइतकाच शेवटच्या कारागिराचाही असतो. खुंट्या, तारा, मणी यांचीही तीच गोष्ट. भोपळ्याचा आकार तर मुख्यतः निसर्गाचा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भोपळे अनेक कारागिरांच्या हाती पडत आले आहेत.

मग विश्वसनीय काय? जे दुरुस्तीत सहसा बदलत नाही ते. भोपळा व दांडी यांच्या सांध्याची घडण, तबलीची आतील बाजूची जाडी, तुणीच्या लाकडावरील हत्याराच्या खुणा आणि सांध्यावरील कोरीव पानांचे वळण यांचे अनेक वाद्यांतून तौलनिक निरीक्षण केले, तरच एका हाताची ओळख पटू लागेल. सेल्युलॉईडची नक्षी असल्यास ती तरी त्या द्रव्याच्या प्रसारानंतरची, इतकेच सिद्ध होते. वाद्य त्याहून जुने असू शकते.

म्हणून स्थान, कारखाना आणि हात या तीन निर्णयांची गल्लत होऊ नये. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये लाभलेले भौगोलिक मानांकन पहिल्याचे रक्षण करते. दुसऱ्या व तिसऱ्याचा निर्णय ते करीत नाही, आणि ते त्याचे कार्यही नव्हे.

हा वाद केवळ वस्तुसंग्रहाचा नव्हे. मिरजेत वास्तव्य केलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची (मृत्यू १९३७) गायकी तिच्या बारकाव्यांसह अभ्यासिली जाते. पण असे गायन ज्या स्वराधारावर उभे राहते, तो घडविणारे बहुतेक हात निनावी राहिले. प्रत्येक उत्तम वाद्य एकाच थोर नावावर चढविल्याने त्या नावाचा गौरव वाढत नाही. इतरांचा कर्तेपणा मात्र लोपतो. ‘कर्ता अनिश्चित’ ही नोंद, निरीक्षणांसह केलेली असेल, तर ती चुकीच्या नावापेक्षा अधिक न्याय्य होय.