क्रीडोपचार आणि शालेय वर्तनसुधारणा : मराठवाड्याच्या संदर्भात एक चिकित्सा

शालेय मुलांच्या वर्तनसमस्यांवरील उपाय म्हणून क्रीडोपचाराचा उल्लेख शिक्षणशास्त्रीय लेखनात आता रूढ झाला आहे. तथापि, त्यास 'वर्तनसुधारणा' हा शब्द जोडताना सुधारणा कोणाच्या दृष्टीने, हा प्रश्न सहसा उपस्थित केला जात नाही. दंगेखोर मूल शांत बसले की शाळेच्या लेखी सुधारणा झाली. परंतु महिनोन् महिने अबोल असलेले मूल एके दिवशी चिडले, तर उपचाराच्या दृष्टीने तीही प्रगती ठरू शकते.

व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या आठ तत्त्वांत मुलास सुधारण्याचे तत्त्वच नाही. मूल आहे तसे स्वीकारणे, त्याच्या भावना ओळखून त्याला त्यांची जाणीव करून देणे, खेळाची दिशा त्याच्याकडे सोपविणे, घाई न करणे आणि आवश्यक तेवढीच बंधने घालणे, यांवर त्यांचा भर आहे. 'गृहपाठ केला तर खेळाचा तास, दंगा केला तर तो बंद' ही परिचित रीत बक्षीस-शिक्षेची आहे. तिला क्रीडोपचार म्हणता येणार नाही.

याचा अर्थ मुलांना नुसते खेळू द्यावे, असाही नाही. लातूर-धाराशिव परिसरास हा भेद समजून घेण्याचे विशेष कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली असताना, किल्लारी परिसरातील दगडमातीची घरे कोसळली. भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले; नळदुर्ग येथे राष्ट्र सेवा दलाच्या पुढाकाराने अनाथ मुलांसाठी 'आपलं घर' उभे राहिले. हे कार्य मोलाचेच होते. पण अशा आघातातून आलेले मूल भातुकलीतले घर रचून पुनःपुन्हा मोडू लागले, तर शिक्षकाने त्याचा अर्थ कसा लावावा? लेनोर टेर यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील चौचिला येथे शाळेच्या बसमधून अपहृत झालेल्या मुलांचा अभ्यास केला. आघातानंतरचा खेळ कित्येकदा निरानंद व एकसुरी असतो आणि त्याने भीती ओसरत नाही, असे त्यांना आढळले. म्हणजे खेळ आपोआप औषध होत नाही. तो समजून घेणारे प्रौढ माणूस जवळ असावे लागते.

परिणामकारकतेचा पुरावा उत्साहवर्धक आहे, पण तो जपून वाचावा लागतो. ब्रॅटन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ९३ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा सरासरी परिणाम ०.८० एवढा मोठा आला. लिन व ब्रॅटन यांच्या २०१५ मधील बालकेंद्री क्रीडोपचाराच्या ५२ अभ्यासांत तो ०.४७ वर उतरला. आपल्याकडील लघुप्रबंधांच्या दृष्टीने हा इशाराच होय. जो शिक्षक खेळ घेतो तोच पूर्वचाचणी व उत्तरचाचणीचे गुण देणार असेल आणि नियंत्रित गट नसेल, तर वाढलेले गुण मुलाचे की शिक्षकाच्या अपेक्षेचे, हे सांगता येत नाही.

२००५ च्या याच विश्लेषणातील दुसरी नोंद मात्र नांदेड-लातूरसारख्या जिल्ह्यांना अधिक उपयोगी आहे. तज्ज्ञांनी दिलेल्या उपचाराचा परिणाम ०.७२, तर प्रशिक्षित पालकांनी घेतलेल्या सत्रांचा १.१५ होता. प्रत्येक तालुक्यास बालमानसतज्ज्ञ मिळण्याची वाट पाहण्यापेक्षा शिक्षक-पालकांना देखरेखीखाली प्रशिक्षण देणे व्यवहार्य दिसते. साहित्याचा प्रश्न तर गौणच आहे. काळी माती, पाणी, चिंध्यांच्या बाहुल्या कोणत्याही गावात मिळतात, आणि पोळ्याचे बैल घडविणाऱ्या मुलांना माती हाताळण्यास शिकवावे लागत नाही. खरी वानवा आहे ती वेळेची आणि एकांताची. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे प्राथमिक स्तरावर साठ विद्यार्थ्यांपर्यंत दोनच शिक्षक. त्यांतील एकाने एका मुलाबरोबर अर्धा तास बसायचे, तर पाचही वर्ग दुसऱ्याकडे जातात. 'लातूर पॅटर्न'च्या कीर्तीने भारावलेल्या पालकांनाही हा अर्धा तास वाया गेलेलाच वाटण्याचा संभव अधिक. शनिवारच्या सकाळच्या शाळेनंतरचा वेळ यासाठी राखता येईल. मात्र तो दर आठवड्यास त्याच वेळी, त्याच जागी मिळावा आणि मुलाने खेळात जे दाखविले त्याची चर्चा शिक्षकांच्या खोलीत होऊ नये.